कर्कटक काकूंचा गोल

माझ्या सासूबाईंना सगळा बाजार 'कर्कटक काकू' म्हणतो. हे नाव कोणी ठेवलं ते आता कोणाला आठवत नाही, पण का ठेवलं ते सगळ्यांना ठाऊक आहे. सासूबाई नुसत्या हाताने गोल काढतात. बशी उपडी घालून नाही, दोऱ्याला खडू बांधून नाही. कापडावर खडू टेकवायचा, मनगट फिरवायचं आणि जिथून निघालं तिथेच बरोबर येऊन थांबायचं. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला हे करून दाखवलं, आणि 'वा' म्हणायला मी जरा उशीर केला म्हणून लगेच दुसऱ्यांदा करून दाखवलं. सासूला कौतुक आवडतं एवढं मला त्या दिवशी कळलं, आणि पुढचा बराच त्रास वाचला.

आमचं दुकान कॉम्प्युटर एम्ब्रॉयडरीचं. खाली दुकान, वर घर, मधे एक जिना. गणवेशांवरचे बिल्ले, हॉटेलांच्या टॉवेलांवरची नावं, खेळाडूंच्या टोप्या, असं काम येतं. एका भिंतीला दोऱ्यांची रिळं आहेत, पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत रंगांच्या ओळीने. ती ओळ कोणी मोडली तर मी मागेपुढे न बघता बोलते, मग समोर गिऱ्हाईक असो की नवरा. मागच्या बाजूला सुयांची रांग असलेलं मोठं मशीन आहे. ते दिवसभर एवढं खडखडतं की आम्ही घरातले सगळे मोठ्यानेच बोलतो, आणि बाहेर गेलो की लोकांना वाटतं यांचं भांडण चाललंय. कधीकधी चाललेलंही असतं.

जिन्याखालच्या कोपऱ्यात कॉम्प्युटर. तिथे सासूबाई बसतात. त्या स्क्रीनवर चित्र काढतात, दोरा कुठून कुठे जाईल, टाके कोणत्या दिशेने पडतील ते ठरवून देतात. मशीन मी चालवते. फ्रेमवर कापड ताणायचं, खाली कागदी अस्तर लावायचं, दोरे ओवायचे, तुटले की पुन्हा ओवायचे, आणि शेवटी कातरीने उरलेले धागे कापायचे. गिऱ्हाइकांशी बोलायचं कामही माझ्याकडेच आहे, कारण सासूबाई फार खरं बोलतात.

जिन्याखालच्या त्या खुर्चीवर माझा कित्येक वर्षांपासून डोळा होता. पण आमच्या घरात सासूबाईंच्या खुर्चीबद्दल बोलणं म्हणजे त्या जिवंत असताना त्यांच्या दागिन्यांबद्दल बोलण्यासारखं झालं असतं. म्हणून मी गप्प होते.

गोलाचं जरा सांगायला हवं. स्क्रीनवरचा गोल कापडावर गोल उतरत नाही. टाके ज्या दिशेने पडतात त्या दिशेने दोरा कापडाला ओढून घेतो आणि गोल त्या बाजूने आकसतो. म्हणून चित्र काढतानाच तो तिकडे किंचित फुगवून ठेवावा लागतो. किती, ते कापडावर आणि अस्तरावर अवलंबून. बाकीचे लोक त्यासाठी आकडे टाकतात. सासूबाई डोळे बारीक करून स्क्रीनकडे बघतात, 'हं' म्हणतात आणि कड जराशी बाहेर ओढतात. मशीनवरून बिल्ला उतरतो तो गोल गरगरीत. आमच्या दुकानात 'चालेल' हा शब्द उच्चारायला बंदी आहे. एकदा माझ्या नवऱ्याने एका टोपीकडे बघून तो उच्चारला, तेव्हा सासूबाईंनी ती टोपी महिनाभर त्यालाच घालायला लावली.

आता सासरे. बाबा टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होते. उभी नोकरी कानाला यंत्र लावून लोकांना उत्तरं देण्यात गेली, आणि तिथून निवृत्त झाले तरी सवय निवृत्त झाली नाही. कोणी प्रश्न विचारला की त्याला उत्तर मिळालंच पाहिजे, असं त्यांचं पक्कं मत आहे. चुकून लागलेल्या फोनवरच्या माणसालाही ते "तुम्हाला नक्की कोण हवं होतं?" असं विचारून घेतात आणि जमलं तर शोधूनही देतात. लग्नाच्या वेळी सासूबाईंच्या वडिलांनी "मुलगी पसंत आहे का?" असं विचारलं, तेव्हा वाक्य पुरं व्हायच्या आत यांनी हो म्हटलं होतं. हे सासूबाई अजून सांगतात आणि सांगताना अजून लाजतात.

तर झालं असं, की कॉम्प्युटर रोज विचारायला लागला: नवी सिस्टिम तयार आहे, आता बसवायची का? सासूबाई रोज 'नंतर' दाबत. बाबा चहाचा कप घेऊन मागे उभे राहून हे बघत आणि त्यांना ते सहन होत नसे.

"किती दिवस ताटकळत ठेवणार आहेस त्या बिचाऱ्याला?" ते म्हणायचे.

"तो बिचारा नाही, यंत्र आहे," सासूबाई म्हणायच्या.

एका दुपारी सासूबाई वर जरा आडव्या झाल्या होत्या, नवरा कामासाठी महिनाभर बाहेरगावी होता, मी पार्सलं द्यायला गेले होते आणि दुकानात बाबा एकटे होते. प्रश्न आला. बाबांनी 'हो' दाबलं. मी परत आले तेव्हा स्क्रीनवर एक गोलगोल फिरणारं चिन्ह होतं आणि बाबा त्याच्यासमोर हाताची घडी घालून बसले होते.

"एकदाचं मोकळं केलं त्याला," ते म्हणाले.

सासूबाई खाली आल्या आणि त्यांनी दुकान डोक्यावर घेतलं. पण नवी सिस्टिम सुरू झाली तसा त्यांचा आवाज खाली आला. अक्षरं मोठी झाली होती. चित्रं मोठी, बटणं मोठी, सगळंच ऐसपैस. सासूबाईंनी चष्मा काढला, लांबून बघितलं, जवळून बघितलं आणि म्हणाल्या, "अगं, चष्म्याशिवाय वाचता येतंय की." बाबा पुढचे दोन दिवस दुकानात छाती काढून फिरत होते. येणाऱ्याजाणाऱ्याला बोलावून अक्षरं दाखवत होते.

आणखी एक आनंद होता. कॉम्प्युटर उघडला की समोर माझ्या मुलीचा फोटो येतो. ती दुसऱ्या शहरात हॉस्टेलवर राहून शिकते. अंगाने अगदी काडी, आणि नात काडी आहे हे आजीचं जन्माचं दुःख. नव्या सिस्टिममध्ये तिच्या फोटोतले गाल चांगले भरलेले दिसायला लागले.

"बघ बघ," सासूबाई म्हणाल्या, "हॉस्टेल मानवलं पोरीला. कशी भरली आहे."

मी बघितलं. खरंच भरलेली दिसत होती. फोटो जुनाच होता, पण दोघींनाही तेच हवं होतं, त्यामुळे आम्ही फार खोलात गेलो नाही.

त्याच आठवड्यात बँडमास्तर आले. हा माणूस आकाराने एवढा की आमच्या दारातून जरा तिरका होऊन आत येतो, आणि बोलतो मात्र इतकं हळू की मला मशीन बंद करावं लागतं. त्यांच्या बँडला नवी जाकिटं शिवली होती. दर जाकिटावर छातीला नवा गोल बिल्ला हवा होता: मधे ढोल, त्यावर आडवा कर्णा, भोवती बँडचं नाव. रविवारी मोठा कार्यक्रम होता, त्याच्या आत सगळं तयार हवं.

सासूबाईंनी नमुना म्हणून त्यांचा जुना बिल्ला स्क्रीनवर उघडला आणि बघतच राहिल्या.

"अगं, हे असं आडवं पसरलेलं मी काढलं होतं?"

"काय पसरलंय?" मी मशीनवरून ओरडून विचारलं.

"काही नाही," त्या म्हणाल्या. पण नंतर पुटपुटत होत्या, की एवढ्या लोकांच्या छातीवर हे गेलं आणि मला कोणी बोललं कसं नाही.

नवा बिल्ला त्यांनी फार मन लावून काढला. दोन्ही बाजूंनी आत ढकलत, डोळे बारीक करत, अगदी गोल दिसेपर्यंत. मग 'हं' म्हणाल्या. मी जाकिटाच्या कापडाचा तुकडा फ्रेमवर चढवला आणि मशीन सुरू केलं.

उतरलं ते उभं अंडं. ढोल पाण्याच्या पिंपासारखा झाला होता आणि कर्ण्याची शिट्टी झाली होती.

कापड वाकडं ताणलं असेल म्हणून पुन्हा ताणलं आणि पुन्हा चालवलं. पुन्हा अंडं. मग मशीनच्याच मेमरीत साठवलेला एका शाळेचा जुना बिल्ला काढून चालवला. तो अगदी गोल उतरला. सासूबाई माझ्या शेजारी येऊन उभ्या होत्या. त्यांनी तो हातात घेतला, उलटसुलट केला आणि म्हणाल्या, "मशीनचा दोष नाही."

त्या परत खुर्चीवर गेल्या, पुन्हा काढलं. मी पुन्हा चालवलं. दिवसभर हेच चाललं, आणि संध्याकाळपर्यंत काउंटरवर अंड्यांची रांग लागली. नेमके तेव्हाच बँडमास्तर नमुना बघायला आले. त्यांनी एक उचलला, आडवा धरला, उभा धरला.

"काकू, यंदा आकार बदललात वाटतं," ते हळूच म्हणाले. "वेगळा आहे." मग आमचे चेहरे बघून घाईघाईने म्हणाले, "चालेल की. एवढं जवळून कोण बघतंय."

बिचाऱ्याने चांगुलपणाने म्हटलं. मी सासूबाईंकडे बघितलं. मला वाटलं आता बँडमास्तरांची धडगत नाही. पण त्या एवढंच म्हणाल्या, "बघते. उद्या या."

रात्री जेवताना त्यांनी ताट बाजूला सारलं आणि सांगून टाकलं. "माझी नजर गेली."

"डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊ," बाबा म्हणाले.

"अहो, चष्म्याची नजर नाही. ही दुसरी. हिला नंबर नसतो." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बँडचं काम जमेल तसं हातावेगळं करते आणि थांबते. ती खुर्ची आता तुझी. तू आकडे टाकून कर. सगळे तसंच करतात."

मला ती खुर्ची हवी होती, पण अशी नको होती. मला इतका राग आला, की कोणावर आलाय तेच कळेना. मी भांडी आदळत घासली. "भांड्यांनी काय केलंय तुझं?" सासूबाई आतून म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज इतका साधा होता, की मला जास्तच भरून आलं. हाताने गोल काढणारी ही बाई, जिला जरा कौतुक कमी पडलं तर दिवसभर गाल फुगवून बसते, ती आता भांडतसुद्धा नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारचा शिंपी टोपीचं कापड घेऊन आला. नेहमीच येतो. "काकू, एक गोल टाका," म्हणाला. सासूबाईंनी वरून बशी मागवली आणि त्याच्या हातात ठेवली. "हिच्याभोवती काढ," म्हणाल्या. शिंपी माझ्याकडे बघायला लागला. दुपारपर्यंत ही गोष्ट सगळ्या बाजारात झाली, आणि तब्येतीची चौकशी करायला लोक यायला लागले.

त्या लोकांमागून, खांद्याला बॅग अडकवलेली माझी मुलगी आत आली. सुट्टी लागली होती. आजीने तिला जवळ घेतलं, मग हातभर लांब धरलं आणि दोन्ही गाल चाचपले.

"अगं, आठ दिवसांत एवढी कशी वाळलीस?"

"आजी, मी होते तशीच आहे."

"खोटं बोलू नकोस. माझ्याकडे पुरावा आहे." आणि तिचं मनगट धरून त्यांनी तिला कॉम्प्युटरसमोर उभं केलं.

मुलगी आधी बघत राहिली आणि मग पोट धरून हसायला लागली. "आजी, ही मी नाहीये. मला कोणीतरी दोन्ही कानांना धरून ओढलंय."

मी मशीनवर दोरा ओवत होते. मी मुलीकडे बघितलं, फोटोकडे बघितलं, पुन्हा मुलीकडे बघितलं. माझ्या हातातला दोरा तसाच राहिला. मशीन बंद करून मी गळ्यातली टेप काढली आणि जिन्याखाली गेले.

"आई, एक गोल काढा. आकडे टाकून. जेवढा रुंद तेवढाच उंच."

"मला नको आता ते."

"काढा हो."

माझा सूर असा होता, की त्यांनी काढला. मी टेप स्क्रीनला लावली. आधी आडवी, मग उभी. आकडे म्हणत होते गोल आहे, टेप म्हणत होती चांगलं बोटभर जास्त आडवं आहे. सासूबाईंनी माझ्या हातातून टेप घेतली आणि स्वतः मोजलं. मग एकदा जुन्या कामातला एक चौकोन उघडून मोजला, एकदा फोटोतलं नातीचं तोंड मोजलं.

"म्हणजे हा खोटं बोलतोय?"

"हा सगळं आडवं ताणून दाखवतोय. तुम्ही ते आत ढकलून गोल करत बसलात. म्हणून कापडावर उभं अंडं."

मला वाटलं त्या उडी मारतील. पण त्यांनी टेप नीट गुंडाळली आणि म्हणाल्या, "स्क्रीन वाकडी आहे, म्हणून माझा डोळा सरळ आहे असं थोडंच आहे? आधी त्या डॉक्टरला बोलाव."

डॉक्टर म्हणजे कॉम्प्युटर दुरुस्त करणारा. त्याला डॉक्टर म्हणतात, कारण आल्याआल्या तो विचारतो, कधीपासून होतंय आणि त्याआधी काय झालं होतं. या वेळीही विचारलं.

"मी हो म्हटलं," बाबांनी ताबडतोब उत्तर दिलं.

डॉक्टरने बराच वेळ इकडेतिकडे बघितलं आणि मग आम्हाला समजेल असं सांगितलं. आत ग्राफिक्स कार्ड असतं, ते स्क्रीनवर चित्र उमटवतं. सिस्टिमचं म्हणणं त्या कार्डाला समजावून सांगायला एक छोटा प्रोग्राम लागतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. दुभाषाच समजा. आमचं कार्ड जुनं. नव्या सिस्टिमची भाषा बोलणारा दुभाषा त्या कार्डासाठी कोणी तयारच केला नाही. मग सिस्टिमने आपल्याकडचा एक कामचलाऊ दुभाषा बसवला. त्याला आमची रुंद स्क्रीन माहीत नाही. तो जुन्या चौकोनी स्क्रीनच्या मापाचं चित्र पाठवतो, आणि स्क्रीन ते ताणून कडेपर्यंत भरते. अक्षरंही त्यामुळेच मोठी.

"मग आमचा जुना दुभाषा आणा," सासूबाई म्हणाल्या.

डॉक्टरने जुना ड्रायव्हर शोधून बसवला. स्क्रीन लुकलुकली आणि काळीठिक्कर पडली. आम्ही सगळे वाकून तिच्यात आपापली तोंडं बघत होतो.

"हॅलो?" बाबा म्हणाले.

माझी मुलगी जिन्यावर जाऊन बसली, कारण तिला हसू आवरेना. डॉक्टरने खटपट करून कॉम्प्युटर पुन्हा जागेवर आणला, तोच कामचलाऊ दुभाषा, तेच आडवं चित्र. मग म्हणाला, आपण सरळ जुन्या सिस्टिमवर परत जाऊ, तिच्या फाइली असतातच मागे ठेवलेल्या. शोधायला लागला. शोधता शोधता थांबला.

"या कोणी काढून टाकल्या?"

बाबा हळूच म्हणाले, "परवा तो विचारत होता, जागा मोकळी करू का म्हणून."

सासूबाईंनी छताकडे बघितलं.

शेवटी डॉक्टरने सांगितलं, की आमच्या या छोट्या डब्यात मावेल आणि नव्या सिस्टिमला ओळखेल असं दुसरं कार्ड तो मागवेल. पण ते यायला रविवार उलटून जाईल. दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर काम करावं, तर आमचं एम्ब्रॉयडरीचं सॉफ्टवेअर याच कॉम्प्युटरला बांधलेलं. डॉक्टर चहा पिऊन गेला. सासूबाई खुर्चीवर बसून स्क्रीनकडे बघत होत्या.

"हा रोज नवं खोटं बोलतो का गं, की एकच?"

"एकच. नेहमी तेवढंच आडवं."

"मग अवघड काय आहे? रोज तेच खोटं बोलणाऱ्या माणसाबरोबर संसार होतो."

"कोणाबद्दल बोलतेस?" बाबांनी विचारलं.

"तुमच्याबद्दल नाही. तुम्ही तर नुसते हो म्हणता."

मी टेप पुढे केली. म्हटलं, किती आडवं होतंय ते मोजून घेऊ, म्हणजे हिशेबाने काढता येईल. त्यांनी मान हलवली. "टेपने झालं तर ते टेपचं होईल. मला माझं बघायचंय. या खेपेला गोल उतरला तर मी इथे बसते. नाही उतरला तर तू. मग पुन्हा बोलायचं नाही."

मी टेप गळ्यात अडकवली.

मग त्यांनी नातीला हाक मारली. तिला स्क्रीनच्या शेजारी उभं केलं, दिवा तिच्या तोंडावर वळवला आणि फोटो उघडला. एकदा नातीकडे बघायच्या, एकदा फोटोकडे. हिचा गाल एवढा, तिथला तेवढा. हिचं कपाळ एवढं, तिथलं तेवढं. "हसू नकोस, गाल हलतात," म्हणाल्या. पोरगी ओठ मिटून उभी राहिली. बराच वेळ असं चाललं. मग फोटो बंद केला, बिल्ला उघडला आणि डोळे बारीक केले.

एवढ्या वर्षांत त्यांना मी असं काम करताना बघितलं नव्हतं. कारण त्यांना मुद्दाम वाईट काढायचं होतं. स्क्रीनवर ढोल आडवा होत चालला, कर्णा लांबत चालला, बँडच्या नावातली अक्षरं फतकल मारून बसली. मधेच त्यांचा हात आपणहून गोल करायला जायचा आणि त्या तो मागे घ्यायच्या. जाकिटाचं कापड जाड, ते किती ओढलं जाईल त्याचं आणखी वेगळं. शेवटी स्क्रीनवर एक असं बेढब आडवं भेंडोळं दिसत होतं, की त्याकडे बघून मला देवच आठवला.

"हं," सासूबाई म्हणाल्या.

मी फ्रेम चढवली. मशीन सुरू झालं. आधी बाहेरची कड, मग ढोल, मग कर्णा. एकदा दोरा तुटला, तेव्हा चौघांच्याही तोंडून एकच आवाज निघाला. मी ओवला, पुन्हा सुरू केलं. मी मुद्दाम सुयांकडे बघत होते, खालच्या कापडाकडे नाही. मशीन थांबलं. मी फ्रेम काढली, धागे कापले, पाठीमागचं अस्तर फाडलं आणि न बघताच तुकडा सासूबाईंच्या हातात दिला.

त्यांनी तो काउंटरवर ठेवला.

गोल होता. ढोल ढोलासारखा, कर्णा कर्ण्यासारखा, भोवतीची अक्षरं एका चालीने उभी. बाबांनी माझ्या गळ्यातली टेप ओढून घेतली, आडवं मोजलं, उभं मोजलं, मग तिरकं मोजलं. टेप परत माझ्या गळ्यात घातली आणि म्हणाले, "जुळलं." एक्स्चेंजमध्ये लांबचा फोन लागला की ते असंच म्हणत असणार.

मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. सासूबाई रडल्या नाहीत. त्या आधी खुर्चीवर बसल्या, मग उठल्या, मग पुन्हा बसल्या. मग नातीचे दोन्ही गाल धरून तिचं तोंड एवढं ओढलं, की ती खरोखर फोटोतल्यासारखी दिसायला लागली. आणि मग दारात जाऊन शिंप्याला मोठ्याने म्हणाल्या, "माझी बशी आणून दे. आणि टोपी आण."

बँडमास्तरांनी बिल्ला बघितला, हातावर ठेवला आणि न्याहाळत राहिले. सासूबाईंनी त्यांना विचारलंच, "काय, चालेल का?" त्या मोठ्या माणसाने घाबरून "नाही नाही" म्हटलं, आणि मग काय म्हणावं ते न कळून दारातून तिरके होऊन बाहेर गेले. रविवारी सगळी जाकिटं वेळेवर गेली. आम्ही चौघं कार्यक्रमाला गेलो होतो. सासूबाईंनी बँड किती ऐकला ते मला माहीत नाही. त्या पहिल्या रांगेत बसून एकेक छाती बघत होत्या.

पुढच्या आठवड्यात डॉक्टरने नवं कार्ड आणून बसवलं. नव्या सिस्टिमने ते लगेच ओळखलं, फोटोतली मुलगी पुन्हा काडी झाली आणि अक्षरं बारीक झाली. सासूबाईंनी कुरकुरत चष्मा लावला. बाबांना दुकानात एकटं सोडायचं नाही असं ठरलं, आणि ते त्यांना विचारलं तेव्हा त्यांनी हो म्हटलं.

मग एका दुपारी काम जरा हलकं होतं. मी मशीन पुसत होते. सासूबाई खुर्चीवरून उठल्या आणि मला म्हणाल्या, "ये, बस इथे."

"आई, काय झालं? दिसतंय ना नीट?"

"नीट दिसतंय म्हणूनच बोलावतेय. त्या दिवशी तुला आकडे टाक म्हटलं, ते मी हरले होते म्हणून. आपल्याच डोळ्याची खात्री नसेल तर दुसऱ्याला काय शिकवणार? आता आहे. बस."

मी बसले. एवढ्या वर्षांची इच्छा, आणि खुर्ची माझ्या मापाची नव्हती, पाय लोंबकळत होते. त्या म्हणाल्या, "आकडा नाही टाकायचा. हाताने काढ. डोळ्याला गोल दिसेल तिथे थांब." मी माउस धरला आणि काढला. मला तो बरा वाटला.

सासूबाई वाकून बघत राहिल्या. मी वाट बघत होते. मग त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावून बघितलं, आणि त्यांना हसू फुटलं. एवढं, की त्यांना टेबलाचा आधार घ्यावा लागला आणि डोळ्यांतून पाणी आलं. मशीन बंद असल्यामुळे ते हसणं वरपर्यंत गेलं.

"काय झालं गं?" बाबांनी जिन्यातून विचारलं.

"काही नाही हो," सासूबाई डोळे पुसत म्हणाल्या, "मला अजून पुष्कळ वर्षं जगावं लागणार आहे." आणि स्टूल ओढून त्या माझ्या शेजारी बसल्या.